अर्ध्या ओळींचा इतिहासकार

२००३ साली मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरीची परवानगी नसताना, अमेरिकेत बोस्टनजवळच्या श्रूजबरीला आले. नवरा ऑफिसला गेला की दिवस सरता सरत नसे. म्हणून मी लायब्ररीत जाऊन बसायचे. तिथे एक वयस्क मराठी गृहस्थ भेटले; मी त्यांना काका म्हणू लागले. निवृत्त सर्जन, मूळचे साताऱ्याचे. त्यांची नजर इतकी अधू झाली होती की अक्षर लागत नव्हतं. मी नागपूरला संस्कृत शिकवायचे हे कळल्यावर म्हणाले, "रोज तासभर वाचून दाखवशील? लॅटिन आहे. अर्थ कळला नाही तरी चालेल."

काकू गेल्यावर ते एकट्यानं लॅटिन शिकले होते, आणि एका जवळजवळ विसरलेल्या रोमन इतिहासकारात अडकले होते. त्यानं आपल्या काळाचा इतिहास अनेक खंडांत लिहिला, पण त्यातला एकही उरला नाही. राहिल्या त्या इतरांनी उतरवून घेतलेल्या सुट्या ओळी. त्यातल्याही बऱ्याचशा व्याकरणकारांनी जपल्या, कारण त्यानं एखादं क्रियापद वेगळंच चालवलं होतं.

"म्हणजे चुकला म्हणून टिकला?" मी विचारलं.

"चुकला कशावरून? त्याच्या घरी तसंच बोलत असतील."

काका त्या ओळी मराठीत आणत होते. मी वाचायचे, ते सांगायचे, मी वहीत लिहायचे. एका ओळीत सैनिक नदीकाठी बसले, एवढंच होतं. का बसले, पुढं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. त्या ओळीवर काका आठवडाभर थांबले. म्हणाले, "काही पेशंट मला असेच आठवतात. नाव गेलं, आजार गेला. नुसता टेबलाबाहेर लोंबणारा हात राहिलाय."

२००६च्या हिवाळ्यात काका गेले. अकरा ओळी मराठीत आणायच्या राहिल्या होत्या. त्यांचा मुलगा बोस्टनहून येऊन घर आवरत होता. मी भेटायला गेले तेव्हा आमची वही दाखवून त्यानं इंग्रजीत विचारलं, "हे महत्त्वाचं आहे का?" "त्यांना होतं," मी म्हणाले. त्यानं वही माझ्या हातात दिली.

मी कम्युनिटी कॉलेजात लॅटिनच्या वर्गाला बसले. वर्गात सगळ्यात मोठी मीच. दीड वर्षात नऊ ओळी जमल्या. दोन नाहीच जमल्या. त्या मूळ लॅटिनमध्येच ठेवल्या आणि खाली तसं लिहिलं. मग सगळं टाइप करून, बाइंड करून काकांच्या मुलाला नेऊन दिलं.

त्याला मराठी वाचता येत नव्हतं. थोडा वेळ तो पानं उलटत राहिला. मग पुस्तक माझ्यापुढं सरकवून मोडक्या मराठीत म्हणाला, "बाबांना कसं वाचायची, तसं वाच."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पान संपलं की मी थांबायचे, आणि तो मानेनंच पुढं वाच म्हणायचा.