खैरूनचाचीला नुरा चालत नसे

खैरूनचाची खेळायला बसण्याआधी टीव्हीला सलामी द्यायची. कंट्रोलर हातात घ्यायचा, तो हात आधी जमिनीला टेकवायचा, मग छातीला, मग कपाळाला. पैलवान लाल मातीच्या हौद्यात उतरताना करतात तसंच. आणि एकदा खेळ सुरू झाला की पडद्यावरच्या माणसांशी तोंडानं भांडायची.

मी तिच्याकडे भाकरी-कालवणाच्या कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मी फसले. मी आत चुलीपाशी होते आणि बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज येत होता. "या की पावणं, या. लांबनंच काय हात दावालाय? भ्यालाय व्हय?" मला वाटलं, घरात पाहुणे आलेत. विचारायची मला लाज वाटली, म्हणून मी आपल्या मनानं दोन माणसांच्या जादा भाकरी केल्या. ताटं घेऊन बाहेर आले, तर चाची एकटी. समोर टीव्हीत एक दांडगा माणूस उताणा पडलेला. तिनं ताटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यो पावणा जेवत न्हाय गं बाई. नुसता मार खातोय." मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. उरलेल्या भाकरी तिनं मला घरी न्यायला लावल्या.

तेव्हा तिनं साठी ओलांडली होती. चाचा घड्याळं दुरुस्त करायचे. पुष्कळ वर्षांपूर्वी ते गेल्यावर तिनं त्याच बाहेरच्या खोलीत व्हिडिओ गेमची दोन यंत्रं मांडली आणि दुकान चालवलं. सगळ्या गल्लीची पोरं तिथं वाढली. पुढे मोबाईल आले, दुकान बंद पडलं, पण चाचीचा खेळ सुटला नाही. जुन्या दुकानाचा एक नियम गल्लीत अजून सांगतात. मोठा भाऊ लहान भावाला मुद्दाम जिंकू देतोय असं दिसलं, की चाची यंत्राचं बटण बंद करायची. "ल्हान हाय म्हणून सोडलास? मग त्यो मोठा कवा व्हायचा?"

या नियमाच्या मागे तिचे वडील होते. ते कोल्हापूरचे पैलवान. लहानपणी चाचीला तालमीत जायची फार हौस, पण मुलीला आत कोण घेणार? ती तालमीच्या मागच्या खिडकीच्या गजाला लोंबकळून बघायची. सगळे डाव तिला तोंडपाठ, पण अंगाला माती कधी लागली नाही. एकदा वडील तिला खांद्यावर घेऊन मैदानाला गेले होते. मोठ्या पैलवानांची जोड लागली होती. कुस्ती रंगात आली आणि वडील मध्येच उठून चालायला लागले. ती रडायला लागली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नुरा हाय. ठरवून पडणाराय त्यो. असली कुस्ती बघू बी न्हाय." हरणारा कोण हे आधीच ठरवून केलेली ती नुरा कुस्ती. चाचीनं हे सांगितलं की तिचा चेहरा वडिलांसारखा व्हायचा. मी वडिलांना बघितलेलं नाही, पण तसाच होत असणार.

मग तिचे हात थरथरायला लागले.

आधी बशीतला चहा सांडायला लागला. ती म्हणायची, बशीच वाकडी आहे. मग कंट्रोलरवरची बोटं चुकायला लागली. उजवीकडे जायचं तर टीव्हीतला माणूस डावीकडे जायचा, नाहीतर तिथल्या तिथे उड्या मारायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की थोडा वेळ बरं, मग पुन्हा तेच. एका सकाळी मी कामाला गेले, तर टीव्हीवर सुती चादर टाकलेली. चाची पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी चहा टाकायला आत वळले. तीच म्हणाली, "मी हारलो न्हाय सुमन. खेळाला माझा हात कळंना झालाय."

ते घर इतकं गप्प झालं की भाकरी थापल्याचा आवाज मला नको वाटायला लागला. मी स्वतः कमी बोलते, पण तिच्या बोलण्याची मला सवय झाली होती. चाचीचं जेवण कमी झालं. लोकांशी बोलणंही तिनं टाकलं. आमच्या गल्लीत लोक म्हणायचे, म्हातारीचा खेळच बंद झाला तर काय एवढं? त्यांना माहीत नव्हतं. खिडकीच्या बाहेर राहिलेल्या त्या पोरीला टीव्हीतूनच काय ती आत वाट मिळाली होती, आणि ती आता बंद झाली होती.

पल्लवी त्या दिवसांत आली. ही चाचीच्या दुकानात वाढलेली. फ्रॉकच्या खिशात चिंचा घेऊन यायची आणि पोरांना हरवायची, असं चाची सांगते. आता ती गेम बनवणाऱ्या एका कंपनीत मोठ्या कामावर आहे. तिनं टीव्हीवरची चादर बघितली, चाचीचे हात बघितले आणि तिच्याजवळ पलंगावर बसली. मग म्हणाली की त्यांची कंपनी कुस्तीचा खेळ बनवतेय. लाल मातीची कुस्ती. आणि त्यातला पैलवान जुन्या खेळांसारखा ठरलेला नाही. त्याच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता घातली आहे. तो समोरच्याचे डाव बघतो, लक्षात ठेवतो, शिकतो. बोललं तर उत्तरही देतो.

"उलटं बोलतोय?" चाचीनं पहिल्यांदाच मान वर केली.

"बोलतो की. तूच बघ."

पुढच्या रविवारी पल्लवीनं खेळ आणून जोडला. पैलवानाचं नाव दौलू. चाचीनं सलामी दिली, थरथरत्या हातानं कंट्रोलर धरला आणि जिंकली. पुन्हा जिंकली. परत एकदा जिंकली. पल्लवीनं टाळ्या वाजवल्या. मी दारातून बघत होते, मलाही आनंद झाला. चाचीनं मात्र कंट्रोलर खाली ठेवला.

"पल्लवे, ह्यो माझ्यासंगं नुरा खेळालाय."

पल्लवीचा चेहरा उतरला. तिनं कबूल केलं. समोरच्याचा हात कच्चा दिसला की पैलवानानं जरा ढिलं सोडायचं, असं त्याला शिकवलं होतं. खेळणारा नाराज होऊ नये म्हणून. पुष्कळ खेळांत तसं करतात, लोकांना ते आवडतं, असं तिच्या साहेबांचं म्हणणं होतं.

चाची रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली. "माझा हात थरथरतोय, डोस्कं न्हाय. तुझं यंत्र एवढं शानं हाय न्हवं? मग त्याला म्हणावं, हिचा हात कुठं निघालाय त्ये वळख. माझी कीव नगं करू. कीवच पायजे तर ती गल्लीभर हाय की."

पल्लवी त्या दिवशी न जेवता गेली. पण पुढच्या रविवारी आली, आणि मग रविवारी येतच राहिली.

मला यंत्रातलं काही कळत नाही. पल्लवी समजावून सांगायची, त्यातलं एवढं कळलं, की हाताची थरथर वेगळी आणि माणसाचा इरादा वेगळा, हे यंत्रानं निवडून घ्यायचं होतं. आपण तांदळातले खडे निवडतो तसं. सुरुवातीला फार गमती झाल्या. एकदा यंत्रानं थरथरच खरी धरली आणि पडद्यावरचा चाचीचा पैलवान थंडी वाजल्यासारखा कापायला लागला. चाची म्हणाली, "ह्याला घोंगडं द्या कुणीतरी." पल्लवी मलाही खेळ म्हणाली, मी पिठाचे हात दाखवून सुटका करून घेतली.

खरी अडचण वेगळीच होती. चाचीचा हात रोज सारखा नसायचा. गोळीनंतर कमी कापायचा, गोळीआधी जास्त, झोप झाली नसेल तर आणखी वेगळा. यंत्र कालचा हात शिकायचं आणि आज चुकायचं. पल्लवी कपाळाला हात लावून बसली. पावसाळा गेला, तरी गाडी तिथंच अडलेली. साहेब घाई करत होते. खेळ आहे तसा, ढिल्या पैलवानासकट बाहेर काढायचा म्हणत होते. मग चाची तो कधीच खेळली नसती, आणि दुसरा कोणता खेळणं तिच्या हाताला जमत नव्हतं.

त्या रविवारीही चाचीनं नेहमीसारखी सलामी दिली. जमीन, छाती, कपाळ. पल्लवी एकदम म्हणाली, "चाची, ही रोज अशीच देतेस?"

"बापानं दिलेली बघितलीया. बदलीन कशी?"

"पुन्हा दे."

चाचीनं पुन्हा दिली. पल्लवीनं तिला कितीदा तरी सलामी द्यायला लावली. शेवटी चाची म्हणाली, "कुस्ती हाय का नमाज?" पण पल्लवीला धागा सापडला होता. सलामी रोज तीच, बदलतो तो फक्त हात. म्हणजे कुस्तीआधी सलामी झाली की हातातल्या कंट्रोलरच्या हलण्यावरून आजचा हात कसा आहे ते यंत्राला तिथंच समजेल. मग पुढची कुस्ती त्या हाताच्या हिशेबानं, पण पैलवान पूर्ण ताकदीचा.

साहेब खेळ बघायला चाचीच्याच घरी आले, कारण चाची म्हणाली होती, माझा आखाडा इथं आहे. बाहेरच्या खोलीत साहेब, दारात निम्मी गल्ली, मी आतल्या उंबऱ्यावर. सलामी झाली. कुस्ती सुरू झाली, आणि पडद्यावरचा चाचीचा पैलवान तिच्या मनासारखा हलला. हात कापत होता, पण पाय बरोबर पडत होता. तिनं नेहमीसारखा दौलूचा डावा पाय ओढून पट काढायला हात घातला. दौलूनं तो झटकला, तिला उचललं आणि दाणकन आपटलं. चाची चितपट.

साहेब पल्लवीला म्हणाले, बघा, म्हणून मी म्हणत होतो. तेवढ्यात टीव्हीतून दौलूचा आवाज आला. "चाची, डावाच पाय कितींदा धरशील?"

चाचीचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "पाडला मला," ती म्हणाली. "खरा पाडला. सुमन, जिलबी आण. हारल्याची जिलबी हाय, सगळ्यांस्नी वाट." मी धावत जाऊन आणली. हरल्याबद्दल जिलबी वाटणारी बाई साहेबांनी कधी बघितली नसेल. ते हातात तुकडा घेऊन नुसते उभे राहिले.

मग चाचीनं दुसरी सलामी दिली. दौलूला तिची खोड पाठ झाली होती, आणि ती पाठ झालीय हे तिलाही ठाऊक होतं. तिनं पुन्हा डाव्या पायाला हात घातल्यासारखं केलं. दौलू डावीकडे वाकला. चाचीनं उजवा पाय ओढला. मी माती उडालेली बघितली, आणि मग दौलूची पाठ मातीला लागलेली. दारातली गल्ली एकदम ओरडली. त्या ओरडण्यात एक आवाज माझा होता, हे मला मागाहून कळलं.

दौलू खाली पडूनच म्हणाला, "कुणाच्या तालमीतली गं तू?"

हा प्रश्न चाचीला जन्मात कोणी विचारला नव्हता. तिनं पदरानं तोंड पुसलं. "खिडकीतली," ती म्हणाली. "गजाला धरून शिकलोय. ऊठ, आजून एक."

खेळ सलामीसकट बाहेर पडला. पल्लवी सांगते, कुठली कुठली माणसं तो खेळतात. कोणाचा हात अर्धा लुळा, कोणाला बोटं कमी, कोणी अगदी धडधाकट. सगळ्यांनी आधी सलामी द्यायची. यंत्र प्रत्येकाचा हात ओळखतं आणि कोणालाही सोडत नाही. पुढच्या खेळांत तर आणखी पुष्कळ होणार आहे म्हणते. जमिनीला हात, छातीला, कपाळाला. ज्या माणसांनी कोल्हापूर बघितलं नाही, तीही आता चाचीच्या वडिलांची सलामी देतात.

चाची गेल्या थंडीत गेली. आदल्या दिवशीही खेळली होती आणि हरली होती. खूश होती. परगावी सासरी असलेल्या तिच्या लेकीनं ते यंत्र मला दिलं, अम्मीनंच सांगून ठेवलं होतं म्हणाली.

मी दुपारी घरात कोणी नसताना खेळते. माझा हात कापत नाही, पण भितो. दौलूला ते पहिल्याच सलामीत कळलं असणार. तरी त्यानं मला कधी ढिलं सोडलं नाही, सारखं आपटलं. काल मी डावा पाय दाखवला आणि उजवा ओढला. दौलू उताणा पडला आणि त्यानं चाचीला विचारलेलंच मला विचारलं, "कुणाच्या तालमीतली गं तू?"

मी मोठ्यानं सांगितलं, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "खैरूनचाचीच्या."