गच्चीवरची राखण

मंडळी, आज आमच्या सदाशिव पेठेतल्या गच्चीवर हॅम रेडिओची, म्हणजे आमच्या हौशी बिनतारी यंत्राची, तार उंच बांबूंवर चढवली. कमी फ्रिक्वेन्सीवर दूर बोलायला लांब तार लागते, आणि बोलणं चालू असताना तिला हात लागला तर भाजतो. आमची तार इतकी खाली होती, की लोक तिच्यावर टॉवेल वाळत घालत.

म्हणून शेजारचे देशपांडे रोज गच्चीवर राखणीला उभे राहायचे आणि जिन्यातून ओरडायचे, “अहो, बोला आता. वर फक्त कावळे आहेत.”

गेल्या महिन्यात ते कायमचे बंगळूरला गेले, आयटीतल्या मुलीकडे. तेव्हापासून रेडिओ बंदच होता.

आज संध्याकाळी माइक हातात घेतला, सवयीने जिन्याकडे कान लावला, आणि मग बटण दाबलं. नागपूरचा मित्र म्हणाला, “आवाज इतका स्वच्छ कधीच आला नव्हता.”

देशपांड्यांना फोन करून तार वर चढवल्याचं आणि हे सांगितलं.

“छान. म्हणजे आमची नोकरी गेली,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “कावळे येतात ना अजून?”

येतात, म्हटलं.

तुमचं कुठलं काम कुणाच्या हाकेवाचून अडतं?