पानातली मिठाची जागा

काकांची लघवी दर रविवारी सकाळी मागल्या पडवीत तपासली जाई. तपासनीस ते स्वतःच. निवृत्त शाळामास्तर, मधुमेह निघाला तेव्हा त्यांनी डॉक्टरांकडून तपासणीची कृती आणि पथ्य कागदावर उतरवून घेतले आणि पुढे सात वर्षे त्यात फरक केला नाही. काचेच्या नळीत निळे औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. उकळल्यावर निळे राहिले तर साखर नाही; हिरवे, पिवळे, विटकरी होत गेले तर त्या मानाने जास्त. निळी राहिलेली नळी ते उजेडात धरून काकूंना दाखवीत. काकू चुलीपुढून न उठता म्हणत, "दिसली हो."

त्या निळ्यासाठी काकांनी गूळ सोडला, भात मुठीवर आणला. पावस गावी त्यांची आंब्याची कलमे होती. मोसमातला पहिला आंबा ते हुंगत आणि शेजारी पाठवून देत. पथ्य त्यांनी पाळले. काकूंना मात्र त्या पानाकडे बघवत नसे. गोडाची भरपाई त्यांनी खाऱ्याने केली. खारवलेल्या कैऱ्या, भाजलेला सुका बांगडा, पापड. सकाळच्या पेजेत कैरीच्या बरणीतले खारे पाणी. कागदावर यातले काही मना केलेले नव्हते. मी गावातल्या एका साप्ताहिकात काम करीत असे आणि दोन्ही वेळा काकांकडे जेवत असे. मलाही त्यात काही वावगे दिसले नाही.

एकोणीसशे तीसच्या उन्हाळ्यात काकांच्या वहाणेचा पट्टा पायावर रुतू लागला. त्यांनी दोष चांभाराला दिला. सकाळी डोळ्यांखाली सूज असते, हे काकूंनी पाहिले आणि डॉक्टरांना बोलावणे धाडले.

डॉक्टरांनी आधी काकांचीच कृती केली. नळी निळी राहिली. काका समाधानाने हसले. मग डॉक्टरांनी दुसऱ्या नळीत नुसती लघवी घेतली, वरचा भाग तापवला, आंबट औषधाचा थेंब सोडला. त्यात पांढरा ढग उतरला, अंडे शिजताना पांढरे धरते तसा. दंडाला पट्टा बांधून त्यांनी रक्ताचा दाब मोजला. तोही वाढलेला होता.

काकू तेव्हा फडक्यातून नारळाचा रस पिळत होत्या. डॉक्टरांनी ते फडके मागून घेतले.

"वहिनी, हे नवं असतं तेव्हा चोथा वर राहतो ना? वर्षानुवर्षं पिळलं की वीण सैल होते आणि चोथा रसात उतरतो. मूत्रपिंड म्हणजे असंच गाळणं. साखरेनं ते झिजतं, आणि दाब वाढला की पीळ आणखी जोराचा बसतो. जे रक्तात राहायला हवं ते खाली गळतंय."

काकांनी निळ्या नळीकडे बोट केले. ती खोटी नाही, पण ती साखरेचे सांगते, गाळण्याचे नाही, असे डॉक्टर म्हणाले. शिवाय आजार निघण्याआधी साखर किती वर्षे अंगात होती, हे कोणाला ठाऊक? गेलेली वीण परत येणार नव्हती. राहिलेली जपता येणार होती. गोडाचे पथ्य तसेच चालवायचे, मासळी बेताची, दुपारी पडायचे आणि मीठ जवळजवळ सोडायचे. मग त्यांनी विचारले, खारे काय काय खाता? काकू एकेक सांगत गेल्या. बरणीतले पाणी त्यांनी सर्वांत शेवटी सांगितले.

त्या दिवसांत शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह चालला होता आणि मी बातमीसाठी तिकडे निघालो होतो.

"वा डॉक्टर," काका म्हणाले, "अख्खा जिल्हा मिठासाठी लाठ्या खातोय, आणि तुम्ही मला सरकारच्या पंगतीला बसवताय."

डॉक्टर हसले. काकू हसल्या नाहीत. "मीच घातलं ते," एवढेच म्हणाल्या.

"अगो, तू वाढलंस. मागून कोण घेत होतं?"

आमच्याकडे पान वाढायचे ते मिठापासून. ताटाच्या माथ्यावर आधी मीठ, मग बाकीचे. बरणी त्याच दिवशी शेजारी गेली, पण मिठाविना पान वाढायला काकूंचा हात धजेना. त्या चार खडे ठेवीत, आणि काका ते चारही भातात कालवीत. मी शिरोड्याहून परतलो तेव्हा सूज तशीच होती. सत्याग्रहातल्या मिठाची पुडी मी काकांसाठी आणली होती. देताना चूक कळली. काकांनी ती दोन्ही हातांत घेतली, वास घेतला आणि काकूंपुढे धरली.

"ही देवापुढे ठेव. आणि माझ्या पानात उद्यापासून त्या जागी दुसरं काहीतरी वाढ. जागा मोकळी राहिली की माझं लक्ष तिथंच जातं."

दुसऱ्या दिवशी त्या जागी लिंबाची फोड होती. काकूंच्या पानातही फोडच होती. काकांनी ती पाहिली आणि आपली फोड भातावर पिळली. पावसाळा संपेपर्यंत वहाणेचा पट्टा सैल झाला. देवापुढच्या पुडीचे तोवर पाणी झाले होते.

काका पुढे नऊ वर्षे जगले. रविवारी आता दोन नळ्या असत. दुसरीतला ढग कधी गेला नाही. बरीच वर्षे तो विरळ राहिला, शेवटच्या दोन वर्षांत दाट होत गेला. पहिली नळी दाखवली की काकू बसल्या जागेवरून "दिसली" म्हणत. दुसरीसाठी त्या चुलीपुढून उठत, पदराला हात पुशीत आणि नळी स्वतःच्या हातात घेऊन अंगणातल्या उन्हात जात.