बसता येणारी नऊवारी

स्क्रीनवर लाल पट्टी आली आणि स्नेहल खुर्चीत मागे टेकली. "मावशी, परत फेल."

ऐरोलीच्या त्या ऑफिसात मी तिच्या शेजारी बसले होते. माझा धंदा नऊवारी शिवायचा, दुकान कोपरखैरण्याला. शाळा चौथीपर्यंत. कॉम्प्युटरमधलं जे लागलं ते स्नेहलने समजावलं, तसंच सांगते.

टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र असतं, त्याला कन्सोल म्हणतात. त्यात एक खोटं गाव आहे. लोक घरी बसून तिथे आपली बाहुली फिरवतात, गप्पा मारतात, बाहुलीला कपडे घेतात. कन्सोलवाली कंपनी बाहेरच्या ऑफिसांना एक किट देते. किट म्हणजे ते कपडे, घरं बनवायचं सॉफ्टवेअर. बनवलेला माल त्यातल्याच चेकरमधून काढायचा. हिरवं आलं तर माल गावात जातो, लाल आलं तर नाही.

आमच्या नऊवारीला सकाळपासून लाल येत होतं आणि माल संध्याकाळच्या आत द्यायचा होता. स्नेहल जासई गावची पोरगी, नोकरीत अजून प्रोबेशनवर. ऑफिसचे साहेब समीर सर, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, तिची नऊवारी पास झाली तर ती कायम, नाही तर तिने दुसरीकडे बघावं.

सरांना ओरिजिनल पाहिजे होतं. म्हणून मला बोलावलं होतं आणि मी पुतळ्याला खरी नऊवारी नेसवली, शिवलेली नाही. निऱ्या, ओचा, कासोटा, सगळं. स्नेहलने घडीन् घडी कॉम्प्युटरवर उतरवली. तिथलं कापड बारक्या त्रिकोणांचं असतं आणि त्रिकोणांना लिमिट आहे. आत दडलेल्या घड्याही त्यात मोजतात, म्हणून लाल.

सर म्हणाले, "मावशी, आतलं कापड कोण बघतंय? काढून टाका."

"आतल्या कापडावरच बाई चालते, सर."

त्यांनी ऐकलं नाही. स्नेहलने आतल्या घड्या काढल्या. हिरवं आलं. सर क्लायंटला फोन लावायला वळले. तेवढ्यात तिने बाहुलीला बाकावर बसवून बघितलं, कारण त्या गावात येणारा प्रत्येक जण कुठे ना कुठे बसतोच. मांडी कापडातून बाहेर आली. अख्खी.

सरांनी फोन खिशात घातला. "बसायचं बटणच काढ की."

"ते आपल्या हातात नाय, सर. ते कंपनीचं हाय," स्नेहल म्हणाली. घाबरली की तिची गावची बोली बाहेर पडायची.

सर जाताना सांगून गेले, थोड्या वेळात झालं नाही तर तयार असलेला घागरा घ्या आणि त्याला काठ चिकटवा. तो घागरा दुसऱ्याने बनवलेला होता. म्हणजे स्नेहलचं काम संपलं.

ती माझ्याकडे वळली. "मावशी, तुमी दुकानात विकता ती कशी असते?"

मी सांगितलं, ती नाचणाऱ्या पोरींची. विजारीसारखे दोन पाय, वर निऱ्या टाचलेल्या, आत घड्याच नाहीत. ओरिजिनल नव्हे.

"त्यात बसता येतं?"

"मांडी घालून जेवतात त्यात."

मग तिने मला दुसरं काही बोलू दिलं नाही. शिवण कुठे, निऱ्या कुठे टाचता, कासोटा मागे कुठे अडकवता, एवढंच विचारत गेली. बाहुलीला आतून हाडं असतात. कापड हाडाला बांधायचं, हाड हललं की कापड हलतं. ती एकेका पायाचं कापड त्या त्या पायाला बांधत होती. मध्येच सॉफ्टवेअर अडकलं, पडदा काळा झाला. परत उघडलं तर अर्धं काम गेलेलं. शिवी देईल असं वाटलं. दिली नाही. परत केलं.

सर आले तेव्हा चेकर फिरत होता.

हिरवं.

स्नेहलने बाहुली बसवली, उठवली, परत बसवली. मांडी आत राहिली.

"ही ओरिजिनलच ना, मावशी?" सरांनी विचारलं.

"दुकानातली आहे."

"चालेल," म्हणाले आणि माल पाठवायला सांगितला.

बाहुली पळताना निऱ्या पुठ्ठ्यासारख्या ताठ राहतात. मला ते खुपतं, क्लायंटला दिसलं नाही. स्नेहल कायम झाली. आता कोणी ओरिजिनल मागायला आलं की मी आधी विचारते, यात नुसतं उभं राहायचंय की बसायचंही आहे.