पाल्याची पिवळी बटणं

शेजारी कुणी माशाच्या अंड्यांची गाबोळी तळायला घेतली की मला गिरगावातल्या मासळीबाजारातली ती सकाळ आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळानंतर बाजार नुकताच उघडला होता, भिंतींवरच्या घोषणांचा चुना अजून ओला होता. मी मासळी-संशोधनाच्या कचेरीत नवी होते. पाला मासा अंडी घालायला समुद्रातून नर्मदेत चढतो, पण तो परत येतो की तिकडेच मरतो, हे शोधायला आम्ही नदीच्या मुखाशी पाल्यांच्या पाठीवर नंबराची पिवळी बटणं अडकवून त्यांना सोडलं होतं. बंदरोबंदरी छापील सूचना लावल्या, तरी दिवाळीपर्यंत एकही बटण परत आलं नाही. साहेब काम गुंडाळायच्या बेतात होते. आणि माझी नेहमीची कोळीण बर्फातला सरंगा उचलायला वाकली, तर तिच्या पोलक्यावर चार पिवळी बटणं! “काय बघतेस गो बाय?” “मावशी, ही बटणं कुठली?” “पाल्याच्या पाठीवरची. गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून काढते. चांगली बटणं टाकायची कशाला?” कुठलं बटण कुठल्या माशाचं, ते आठवतं का, असं विचारलं तर ती चिडलीच. “माझा माल मी विसरेन? वरचे तीन भरूचहून, नदीतून आलेले, पोटं गाबोळीने तट्ट. खालचा परवा आमच्याच जाळ्यात, भर समुद्रात मिळाला. गाबोळी टाकून परतलेला, पोट पिशवीसारखं लोंबत होतं.” “म्हणजे पाला परत येतो!” मी किंचाळलेच. तिच्याच कोयत्याने माझ्या पोलक्याची बटणं कापून तिला दिली, तिची घेतली आणि पदर घट्ट लपेटून कचेरीकडे धावत सुटले. मागून ती ओरडली, “एवढंच होतं तर मला विचारायचंस की!” पाला आता नदीत का चढत नाही, यावरचे जाडजूड अहवाल हल्ली मी वाचते. विचारायला मावशी नाही.