इस्त्रीच्या फळीवरची डबी

भर उन्हाळ्यात स्वेटर घालून इस्त्री करणारी बाई कुणी पाहिली आहे? गल्लीने पाहिली आहे. गल्ली तिला इस्त्रीवहिनी म्हणते. टेबलावर इस्त्री तापलेली, दाराबाहेर ऊन, आणि वहिनी गळ्यापर्यंत बटणं लावून. "वहिनी, बर्फाची इस्त्री घेतलीत की काय?" असं कुणी विचारलं की ती नुसती हसायची. उत्तर द्यायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि तेवढंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. सकाळी उठायची तीच दमलेली.

दुखणं जुनंच, थायरॉइड कमी पडण्याचं. रोजची गोळी चालू होती. तरी या खेपेला तपासणीत कोलेस्टेरॉल आभाळाला टेकलं आणि घरात खटला उभा राहिला. न्यायाधीश नवरा. हा गृहस्थ घरोघर कपडे पोचवतो, आणि कपड्यांसोबत बातम्याही.

"अगं, मग चरबी येते कुठून? हवेतून?"

"अहो, उकडलेलं खाऊन खाऊन जिभेची चव गेली माझी."

"माझ्यासमोर उकडलेलं. माझी पाठ वळल्यावर काय?"

त्याने लोण्याचा डबा कपाटात कोंडून कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या खिशात. वर चार दारी सांगून आला, की आमची बाई चोरून खाते. लोक कपडे द्यायला आले की आधी वहिनीच्या ओठांकडे बघायचे. दमणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. न केलेल्या चोरीचा आळ मात्र गिळवत नव्हता. पण भांडायलाही अंगात जोर लागतो.

दवाखान्यातही आधी नवराच बोलला. "बाई, हिला जरा दम द्या."

डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत होत्या. "गोळी बंद केल्यासारखा थायरॉइड दिसतोय. घेता ना?"

"घेते की. उपाशीपोटी, पाण्याबरोबर."

"घेते, माझ्यासमोर घेते," नवऱ्याला साक्ष द्यावीच लागली.

"ठेवता कुठे?"

"इस्त्रीच्या टेबलाच्या वर भिंतीला फळी आहे, तिथं. डोळ्यांपुढे असली की विसरत नाही. रोज पाकीट फोडायला बोटं दुखतात, म्हणून सगळ्या काढून डबीत भरते."

"दिवसभर वाफ आणि धग! ताई, कपड्यांबरोबर गोळ्यांनाही इस्त्री झाली हो. त्यांच्यातला जोर गेला असणार. म्हणून तर ही थंडी आणि हे दमणं."

"पण कोलेस्टेरॉल?" नवरा खटला सोडेना.

"यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्तातली आम्लं बनवतं. चरबी पचवायला ती लागतात. थायरॉइडचं संप्रेरक या कामाचा तगादा लावतं. तगादा ढिला पडला की काम मंदावतं, यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉलही कमी उचलतं, आणि ते साचत जातं. लोणी न खाताही. कपडे येत राहिले आणि यांनी इस्त्रीच केली नाही, तर दुकानात गठ्ठेच साचतील ना?"

नवऱ्याने खटला तिथंच काढून टाकला. गल्लीच्या आठवणीत असं प्रथमच घडलं.

घरी येऊन त्याने कपाट उघडलं, लोणी बाहेर काढलं आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या नव्या गोळ्या पाकिटासकट त्याच्या जागी, इस्त्रीच्या धगीपासून लांब ठेवल्या. "घे गं थोडं," तो पडेल आवाजात म्हणाला.

"नको. आधी त्या चार दारी जाऊन सांगून या."

तो गेला. प्रत्येक दारात डबीचा शोध आपणच लावल्याची ऐट मिरवली, पण बायको चोर नाही हेही सांगितलं. परत आला तेव्हा इस्त्री बंद होती, आणि वहिनी स्वेटर घालून कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून झोपली होती. अंगात जोर यायला अजून काही आठवडे होते. त्याने तिला उठवलं नाही.