वीस आणि तीसच्या मधला अनंता

अनंता गेल्याचा फोन उदगीरहून आला तेव्हा मी लातूरच्या माझ्या लॅबमध्ये प्रिंटरशी झटापट करत होते आणि त्यालाच बोलवायच्या बेतात होते. हा माझा धाकटा मावसभाऊ. लातूर-नांदेड भागातल्या दवाखान्यांचे, दुकानांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून देणं हा त्याचा धंदा. गिऱ्हाइकालाच सगळं शिकवून मोकळा व्हायचा. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची हौसच होती त्याला. बोलता बोलता गेला म्हणतात... मला अजून त्याचा राग येतो.

माझी रक्ततपासणीची लॅब लातूरला, माझ्या थोरल्या भावाची, दादाची, नांदेडला. दोन्ही अनंतानंच जोडल्या. माझ्याकडच्या कॉम्प्युटरांचे पत्ते वीस नंबरच्या गटातले, दादाकडचे तीसच्या. सरळ एक नंबरचाच गट का नको, असं मी विचारलं. तर म्हणाला, सगळेच एक घेतात आणि जोडायची वेळ आली की पंचाईत होते. दोन्हीकडं तेच पत्ते, मग चिठ्ठी घरातल्या घरातच फिरते. माझ्या राउटरमध्ये त्यानं माझ्याच हातानं ओळ लिहून घेतली, तीसकडं जायचं तर इकडून जा. पलीकडं मशीन आहे का ते बघायला कॉम्प्युटरवरून जी हाक देतात ती मी खुशीत दिली. उत्तर नाही. हा निवांत चहा पीत होता.

"शोभाअक्का, तुझी हाक पोचली तिकडं. पण दादाकडं वीसचा रस्ता लिवलेलाच न्हाई, उत्तर येईल कसं? जोडायला दोघं लागतेत. तोडायला एक बास हाय."

मग नांदेडला जाऊन त्यानं दादाकडूनही ओळ लिहून घेतली आणि आमचे रिपोर्ट बिनबोभाट ये-जा करू लागले.

आईच्या आजारपणात दादाचं आणि माझं बिनसलं. तो तिला हैदराबादला नेऊ म्हणत होता, मी लातूरलाच ठेवली. आई गेली आणि आमचं बोलणंही संपलं. मी अनंताला बोलावून माझी ओळ काढायला लावली. त्यानं काढली. दादानं त्याची काढली का, असं मी विचारलं तर म्हणाला, ते त्यालाच विचार. मी कशाला विचारते! पहिल्याच दिवशी काढली असणार, असं मी धरून चालले. अनंता मात्र दोन्हीकडं येत राहिला. हातात नांदेडजवळच्या अर्धापूरची केळी असली की कुठून आलाय ते कळायचं, पण इकडचं तिकडं त्यानं कधी केलं नाही. दादाकडं जेवून आला तरी माझ्याकडं पुन्हा जेवायचा.

अनंताच्या तेराव्याला उदगीरला दादा आणि मी एकाच सतरंजीवर बसलो. चहा घेतलास का, एवढंच तो बोलला. परत आल्यावर लॅबमध्ये मन लागेना. अनंतानं शिकवलेलं आठवतं का बघू, असं स्वतःला सांगत मी ती ओळ पुन्हा लिहिली आणि तीसला हाक दिली.

उत्तर लगेच आलं. पुन्हा दिली, पुन्हा आलं. मला भडभडून आलं... मग मी दादाला फोन लावला. तुझ्याकडची ओळ तशीच आहे का, एवढंच विचारता आलं.

"अनंता आला होता इचारायला, काढू का म्हणून," दादा म्हणाला. "मी म्हणलं, राहू दे. शोभानं कधी हाक मारली तर उत्तर जायला पायजे."